तीनदा पहिली

आमच्या शाळेच्या शिपायाने पहिलीत तीन वर्षं काढली, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला जरा जास्तच ठाऊक, कारण त्या तिसऱ्या वर्षी मी त्याच्याच बाकावर बसत होतो आणि त्याचं 'पक्क्या' हे नाव मीच ठेवलं. म्हणजे शब्द बाईंचा, पाप माझं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई त्याच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "याची पहिली अजून पक्की व्हायचीय." मी त्यातून 'पक्क्या' काढलं, मधल्या सुट्टीत दोन पोरांच्या कानात घातलं आणि शाळा सुटेपर्यंत ते गावभर झालं. आयुष्यात माझ्या हातून झालेलं एवढं एकच काम लोकांनी पन्नास वर्षं टिकवलं. आता मी त्याच शाळेत हेडमास्तर आहे, तो शिपाई आहे, मुलं त्याला पक्कूकाका म्हणतात. त्याच्या खऱ्या नावाने त्याला एक हजेरीपत्रक हाक मारतं आणि एक त्याची आई.

शाळा म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा, आणि एक भिंत चर्चबरोबर सामाईक. बांधणाऱ्याने त्यात विटा वाचवल्या, पण तिकडचं सगळं इकडे आणि इकडचं सगळं तिकडे ऐकू जातं. सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला फादर डोळे मिटून "प्रभू तुमच्याबरोबर असो" म्हणतात तेव्हा आमची दुसरी बेचा पाढा म्हणत असते, आणि पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या कधी कधी प्रभूला "बे दुणे चार" असं उत्तर देऊन मोकळ्या होतात. कबुलीजबाबाचं जुनं लाकडी खोपटं, दार मोडल्यावर, फादरांनी शाळेला देऊन टाकलं. गावाने शंभर वर्षं ज्यात पापं सांगितली त्यात आता आम्ही नकाशे आणि खडूंचे डबे ठेवतो. चौथीच्या बाई नकाशा काढायच्या आधी अजून हळूच कपाळाला हात लावतात.

पक्क्याचं काम सकाळी सातला सुरू होतं. फाटक उघडायचं, पाण्याचं पिंप भरायचं, चारही वर्ग झाडायचे, फळे पुसायचे, घंटा द्यायची. हे सगळं नेमणूकपत्रात आहे. नेमणूकपत्रात नाही ते असं, की शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात रडणारी सगळी पोरं त्याच्या ताब्यात असतात. रडणाऱ्या पोराला तो गप्प बस म्हणत नाही. त्याच्या हातात डस्टर देतो, "हे सांभाळ हं, मी आलोच" म्हणतो आणि जातो तो येतच नाही. पोरगं डस्टर सांभाळण्याच्या नादात आईला विसरतं. पहिलीच्या बाईंची तब्येत नाजूक, वर्षातून चाळीस दिवस तरी त्यांचं डोकं धरलेलं असतं. त्या चाळीस दिवसांत पहिलीचा वर्ग पक्क्याच घेतो, आणि खरं सांगायचं तर मुलं शिकतात ती त्याच चाळीस दिवसांत.

वर्षाच्या शेवटी ज्यांना काही केल्या वाचता येत नाही अशी तीन-चार मुलं उरतातच. त्यांना आम्ही व्हरांड्यात त्याच्या स्टुलापाशी पाठवतो. महिना-दीड महिन्यात ती वाचायला लागतात. हे कसं जमतं, असं मी एकदा विचारलं.

"मी तीनदा बसलोय पहिलीत," तो म्हणाला. "कुठे कुठे खड्डे आहेत ते मला माहीत आहे. तुम्ही एका उडीत पलीकडे गेलात, तुम्हाला काय दिसणार?"

चारचौघांत तो मला 'हेडसर, तुम्ही' म्हणतो, दोघंच असलो की 'तू'. मी मात्र त्याला कुठेही पक्क्याच म्हणतो. माझ्याहून दोन-सव्वादोन वर्षांनी मोठ्या माणसाला अशी हाक मारणं बरं नाही, असं माझी बायको सांगून दमली.

आपल्या ढपणाचं त्याने उघड भांडवल केलं होतं. नवीन फादर आले की स्वतःहून जाऊन सांगायचा, "मी या शाळेचा सगळ्यात अनुभवी विद्यार्थी." एखाद्याचं मूल नापास झालं आणि बाप त्याला फाटकातच बडवायला लागला, की हा मध्ये पडून म्हणायचा, "अहो, एकदाच तर झालाय. माझ्या निम्म्यावरच आलाय अजून." बाप हसायचा आणि हात खाली यायचा. आम्हीही हसायचो. त्याला त्याचं काही वाटत नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

यंदा कागदावर त्याची अठ्ठावन्न भरली. संस्थेचं पत्र आलं, की सत्र संपलं की शिपाई सेवानिवृत्त होतील आणि त्यांच्या जागी नवी नेमणूक होणार नाही. पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा स्वतः वाचलं.

त्याची अडचण पोटापाण्याची नव्हती. बायकोचं शिलाईचं यंत्र दिवसभर चालतं, लेक कारखान्यात आहे. त्याची अडचण होती ती लेकीच्या लेकीची. सव्वातीन वर्षांचं ते कार्टं. आई कामावर गेली की आजोबाबरोबर शाळेत यायचं आणि स्टुलाखाली बसून खडू खायचं. तिला पहिलीत बसवायचं, तिच्या पाटीवरचं पहिलं अक्षर आपण गिरवून घ्यायचं आणि मग जायचं, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

"तीन वर्षं हवीत रे," तो म्हणाला. "फक्त तीन. पुढे मग हाकलून द्या."

"माझ्या हातात असतं तर दिली असती. फादरांना सांग प्रार्थना करायला."

"फादरांचं वर कोणी ऐकत असतं तर चर्चचं छप्पर गळलं असतं का?"

त्यानंतर तो जास्तच झाडायला लागला. झाडून झालेला वर्ग पुन्हा झाडायचा. मुलं सुटल्यावर बाकांवर ओलं फडकं मारत बसायचा. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी ऑफिसचं दार लावून घ्यायचो.

निवृत्तीच्या कागदांना बाप्तिस्म्याचा नवा दाखला लागतो. आमच्या गावात जन्मतारीख म्हणजे चर्चच्या वहीत असेल ती. फादर तीन-चार वर्षांनी बदलतात. आलेले फादर वही उघडतात, वहीवर विश्वास ठेवतात आणि बदली होऊन जातात. गावावर विश्वास बसण्याइतका वेळ त्यांना कधी मिळत नाही. सध्याचे फादर तरुण आहेत, उत्साही आहेत, सगळ्या जुन्या वह्या संगणकात भरायच्या असं त्यांनी घेतलंय. त्यांनी मला हाक मारली ती चर्चच्या मागच्या खोलीतून.

"हेडसर, तुमचा शिपाई दोनदा जन्मला का?"

"एकदा जन्मून भागलं नसेल त्याचं," मी म्हटलं. "पहिलीत तीनदा बसलेला माणूस आहे."

फादर हसले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. तेच नाव, तोच बाप, तीच आई. खाली दुसऱ्या पानावर पुन्हा तेच नाव, तोच बाप, तीच आई. दोन जन्मतारखांत तीन वर्षं आणि अकरा दिवसांचं अंतर. मग फादरांनी दफनाची वही काढली. तिथेही ते नाव होतं. वय दहा महिने.

मी वहीकडे बघत राहिलो. गावात अशी रीत होतीच. पहिलं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायचं. माझ्या आत्याच्या घरातही एक नाव असं दोनदा वापरलंय. पण शाळेत नाव घालताना कोणत्या फादरांनी वरचं पान बघितलं आणि खालचं बघितलंच नाही, हा विचार तोवर माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

"म्हणजे तो अठ्ठावन्नचा नाही," फादर म्हणाले. "पंचावन्नचा आहे."

तीन वर्षं. मागितली तेवढीच. मला आधी हसूच आलं. मी पक्क्याला बोलवायला धावलो, आणि व्हरांड्यात अर्ध्यावर माझे पाय थांबले, कारण मग मला वजाबाकी सुचली. शाळेत घातला तेव्हा वहीप्रमाणे तो सव्वासहाचा होता. म्हणजे खरा सव्वातीनचा होता.

त्याची आई ऐंशीला टेकलीय. कानांनी कमी, जिभेने भरपूर. तिला चर्चच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला मी, दारात पक्क्या, हातात झाडू तसाच.

"आजी, तुमच्या पहिल्या मुलाचं काय झालं?" फादरांनी मोठ्याने विचारलं.

"हा काय उभाय."

"याच्या आधीचा."

म्हातारीने फादरांकडे रोखून बघितलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वहीत आहे."

"मग वहीलाच विचारा."

फादर माझ्याकडे बघायला लागले. मी पक्क्याकडे. तो पुढे आला, आईच्या समोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "आई, सांग की."

मग तिने सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबली नाही. दहा महिन्यांचा होता. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेला. त्यानंतर दोन वर्षं घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही. "हा झाला तेव्हा सासू म्हणाली, दुसरं ठेव काहीतरी. मी म्हटलं, हेच. मला ते नाव घेऊन कोणालातरी जेवायला बोलवायचं होतं."

"आणि शाळा?" फादरांनी विचारलं.

"तेव्हा मी फादरांच्या घरचं धुणं धुवायची. वेदीच्या चादरी, त्यांचे झगे, सगळं. हा सव्वातीनचा, पण अंगाने बापावर गेलेला, थोराड. सारखा पायात पायात. एकदा साबणाच्या टपात पालथा पडला. तेव्हाचे फादर खिडकीतून बघत होते. म्हणाले, केवढा झालाय, याला शाळेत का घालत नाहीस. मी म्हटलं, लहान आहे हो. म्हणाले, थांब, बघतो. आत गेले, आले आणि म्हणाले, सहा पूर्ण. जेवायची वेळ झाली होती त्यांची."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"फादर म्हणतात सहा, मी त्यांना खोटं पाडू?" म्हातारी खुर्चीत सरसावून बसली. "आणि शाळा भिंतीला लागून. मला धुणं धुताना याचा आवाज यायचा. पाळणाघर म्हणून काही वाईट नव्हती तुमची शाळा."

मला ते लागलं, पण ती खोटं बोलत नव्हती.

"मी नापास झालो तेव्हा?" पक्क्याने विचारलं. आवाजात अजून थट्टा होती, निदान त्याने तसा प्रयत्न केला.

"म्हटलं, बरं झालं. आणखी एक वर्ष तिथेच बसेल."

"दुसऱ्यांदा झालो तेव्हा?"

"दुसऱ्यांदा वाईट वाटलं."

"मग सांगायचंस."

"काय सांगू? वहीतला तो गेला आणि हा वेगळा? ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं." तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "लोक तुला ढ म्हणायचे. मला माहीत होतं, तू ढ नाहीस. मला माहीत आहे ना, मग झालं, असं वाटायचं."

"मला नव्हतं ना माहीत, आई."

म्हातारीला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तिने हात पुढे करून त्याच्या शर्टाला लागलेला झाडूचा कचरा झटकला. फादरांनी उगीचच वहीची पानं उलटली.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. गाव चहूबाजूंनी मोजायला लागलं. पक्क्या सव्वातीनचा असताना पहिलीत बसला. पहिल्या वर्षी बाकावर झोपायचा, नाकात खडे घालायचा आणि दोनदा चड्डी ओली केली म्हणून नापास. बाई त्याच वर्षी नव्याने आलेल्या, वर्गात चाळीस डोकी, त्या तरी कोणाकोणाला निरखून बघणार? दुसऱ्या वर्षी नापास. तिसऱ्या वर्षी वर्गात पहिला आला. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, तीन वर्षं बांधून ठेवली तर शेळीसुद्धा पहिली येईल. आता हिशेब असा निघाला, की लोकांची मुलं ज्या वयात पहिलीत येतात त्या वयात हा पहिली संपवून बाहेर पडला होता. आणि त्या वर्षी जो दुसरा आला तो त्याच्याहून नऊ महिन्यांनी मोठा होता. तो दुसरा मी.

गावाने मग नेहमीप्रमाणे दुसरं टोक गाठलं. काल ज्याला ढ म्हणत होते त्याला आज अफाट हुशार म्हणायला लागले. न्हावी म्हणाला, मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवतानाच कळलं होतं. माझी बायको म्हणाली, "आता तो तुमच्यापेक्षा लहान निघाला, आता म्हणा खुशाल पक्क्या." पण आता माझ्या तोंडून ते निघेना. काय म्हणावं तेही कळेना. मी त्याला 'अहो' म्हणून हाक मारली, तर तो मागे वळून बघायला लागला, की आणखी कोण आलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं. मुलं गेली होती. त्याने नातीला पहिलीच्या वर्गात पुढच्या बाकावर बसवलं होतं. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. समोर पाटी ठेवून त्याने तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाला, "चल, एक काढ."

तिने पेन्सिल तोंडात घातली.

त्याने ती काढून पुन्हा बोटांत बसवली. ती हसली, पाटीवर एक आडवी रेघ मारली, मग बाकाखाली उतरून त्याच्या चपलेत पाय घालायला लागली. चप्पल तिच्या गुडघ्याएवढी. तो तिच्याकडे बघत होता. मी आत गेलो तरी त्याची मान वळली नाही.

"एवढा होतो मी," तो म्हणाला. "हिला छडी मारतोस का तू? बघ मारून."

त्याला बाईंची छडी मिळायची ती मी बाकावरूनच बघितली होती. मोजायचोसुद्धा. एक, दोन, तीन, असं आम्ही सगळी पोरं एका सुरात मोजायचो. आमचे आकडे तसेच पक्के झाले.

त्याच दिवशी मी अर्ज लिहिला. तीन वर्षांचा घोळ, दोन बाप्तिस्मे, एक दफन, तिन्हींचे दाखले, आईचा जबाब. लिहिता लिहिता मी जन्मतारखेवरून पुढे मोजत गेलो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. आणि चौथीपाशी माझा पेन थांबला.

त्या काळी आमच्या शाळेतून दरवर्षी एका मुलाला संस्थेच्या शहरातल्या वसतिगृहात घ्यायचे. जेवण, राहणं, पुढचं शिक्षण, सगळं तिथे. चौथीत पहिला आलेला मुलगा जायचा. अट एकच, अकरा पूर्ण झालेली नसावीत. आमच्या वर्षी चौथीत पहिला पक्क्या आला. पण वहीप्रमाणे तो सव्वाबाराचा घोडा. फादर म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग दुसऱ्या आलेल्याला पाठवलं. मी गेलो, शिकलो, मास्तर होऊन आलो. तो मागे राहिला. पुढच्याच वर्षी त्याने झाडू हातात घेतला, तो अजून सोडलेला नाही.

तेव्हा तो सव्वानऊचा होता.

हा हिशेब मी अर्जात घातला नाही. तिथे त्याची गरजही नव्हती. गरज नव्हती हे मी स्वतःला त्या दिवशी बऱ्याच वेळा सांगितलं. अर्ज गेला आणि पुढचे तीन महिने मी त्याच्याशी फक्त अर्जाबद्दल बोललो.

संस्थेच्या सेक्रेटरींनी आधी नकारच दिला. निवृत्तीच्या तोंडावर जन्मतारीख बदलायला लोक काय काय करतात ते त्यांनी मला फोनवर अर्धा तास ऐकवलं. मग आईला समक्ष आणा म्हणाले. आम्ही चौघं गेलो. म्हातारी, पक्क्या, फादर आणि मी. सेक्रेटरी वयाने मोठे, स्वतः जुने फादर, समोर जाडजूड नियमांचं पुस्तक. त्यांनी तिन्ही दाखले उजेडात धरून बघितले, मग चष्मा काढला.

"आजी, तेव्हा खोटं का बोललात?"

"बोलले कुठे? गप्प बसले," म्हातारी म्हणाली. "तुमच्या दहा आज्ञांत गप्प बसू नको, असं कितव्या आज्ञेत लिहिलंय?"

सेक्रेटरी बोटांवर मोजायला लागले. मी बघितलं, खरंच मोजत होते. आमचे फादर खिडकीबाहेर बघत ओठ चावत होते.

"आणि चूक तुमच्या माणसाची," म्हातारी पुढे म्हणाली. "खालचं पान बघायचं कष्ट नकोत. त्याची सजा माझ्या पोराला किती वर्षं? एकदा शाळेत भोगली, आता पुन्हा म्हातारपणी? त्याला लवकर आत घातलंत ना, मग बाहेर तरी लवकर काढू नका."

सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक मिटलं. विचार करू म्हणाले. परतीच्या बसमध्ये म्हातारी पक्क्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि तो तिचं डोकं हलू नये म्हणून अंग चोरून बसला. मला वाटलं होतं तो तिच्यावर चिडेल, निदान चार दिवस अबोला धरेल. तसं काहीच झालं नाही. रोज सकाळी तिच्याकडे जायचा, तिने नावाने हाक मारली की ओ द्यायचा. फक्त एकदा मला म्हणाला, "ती हाक मारते तेव्हा दोघांनी ओ द्यायला हवं. मी एकटाच देतो, तर जरा मोठ्याने देतो."

सत्र संपायला आठवडा राहिला असताना पत्र आलं. जन्मतारीख दुरुस्त, तीन वर्षं मंजूर. मी ते व्हरांड्यात सगळ्यांपुढे वाचलं. मुलांना अर्थ कळला नाही, पण पक्कूकाका जात नाहीत एवढं कळलं आणि त्यांनी गोंगाट केला. चौथीच्या बाई रडल्या. पहिलीच्या बाई तर सगळ्यांत जास्त खूश, त्यांच्या चाळीस दिवसांची सोय झाली होती. आता मी त्याच्या आधी निवृत्त होणार, हेही मुलांसमोर कोणीतरी बोललं आणि त्यावर जरा जास्तच हशा झाला. भिंतीपलीकडे काय गोंधळ आहे ते बघायला फादर आले आणि आनंदाच्या भरात त्यांनी शाळा लवकर सोडली. तो अधिकार माझा होता, पण असो.

सगळे गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. तो पहिलीच्या वर्गात बाकं सरळ करत होता. नात कोपऱ्यात पोत्यावर झोपली होती. पत्र त्याने चार घड्या करून वरच्या खिशात ठेवलं होतं आणि मधूनमधून खिसा चाचपत होता. इतका खूश मी त्याला कधीच बघितला नव्हता. अशा वेळी बोलू नये, असं मला वाटलं. मग वाटलं, ह्याच कारणाने मी तीन महिने बोललो नाही, उद्या दुसरं कारण सापडेल.

"तुझ्याशी एक बोलायचंय," मी म्हटलं. "वसतिगृहाचं."

तो बाक सरकवत राहिला. "बोल."

"अट अकराची होती. तू सव्वाबाराचा म्हणून तुला घेतलं नाही. पण तू…"

"सव्वानऊचा होतो," तो म्हणाला.

मी एका बाकावर बसलो. बाक पहिलीचा, माझे गुडघे छातीला लागले. "तुला माहीत आहे?"

"आई बोलली त्याच संध्याकाळी बोटं मोजली. मला मोजता येतं रे. तीनदा शिकवलंय मला."

"ती जागा तुझी होती," मी म्हटलं. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. "मी दुसरा होतो. मी गेलो ते तुझ्या जागी गेलो. शिकलो, हेडमास्तरची खुर्ची मिळाली, सगळं. तुला पक्क्या म्हणत आलो ते वर. मला अर्ज लिहितानाच कळलं होतं. मी बोललो नाही. मला लाज वाटत होती, आणि भीती वाटत होती की तू…"

'की तू'च्या पुढे काय, ते मलाही माहीत नव्हतं. त्याने शेवटचा बाक रेघेत आणला, एक डोळा मिटून रांग बघितली, मग माझ्या शेजारी येऊन बसला. बाक करकरला. आम्ही दोघं फळ्याकडे तोंड करून बसलो, कोणीतरी येऊन शिकवणार असल्यासारखे.

"तू राहिला असतास आणि मी गेलो असतो," तो म्हणाला, "तर झाडायला तू असतास. शाळेची काय कळा झाली असती."

मला हसता आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची त्याने काही घाई केली नाही.

"मी रोज वाट बघत होतो, आज तरी बोलेल म्हणून," तो म्हणाला. "तीन महिने लावलेस. आणि ढ कोण, तर मी."